होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन फक्त चोकवर चालतं, चोक आत ढकलला की बंद पडतं. कार्बोरेटर घरी साफ करता येईल का?

येईल. चोक हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवतो. त्यावरच चालतंय म्हणजे स्पार्क बहुधा ठीक आहे, पेट्रोल कमी पोचतंय. उजनी धरणाचं पाणी उतरलं की आपल्याकडे होड्या महिनोन्‌महिने काठावर पडून राहतात. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट राळ उरते आणि ती आधी पायलट जेट (मंद गतीला पेट्रोल देणारा छोटा पितळी भाग) बुजवते, कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक. इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये हवेतला ओलावाही मुरतो. बाऊलच्या (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाशी पाणी दिसलं तर नवल नको.

मिश्रणाचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू काढण्याआधी हळूच आत फिरवून किती फेरे बसतात ते लिहून ठेवा. हे विसरलात तर नंतर अंदाजपंचे. जेटमध्ये स्टीलची तार घालू नका, पितळ ओरखडतं आणि भोक मोठं होतं. वायरमधली तांब्याची एक तार, कार्ब क्लीनर आणि पंक्चरवाल्याकडची हवा पुरते. रबरी भाग क्लीनरमध्ये बुडवू नका, फुगतात.

फ्लोट, म्हणजे बाऊलमध्ये तरंगणारा पोकळ तुकडा, कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बाद. नीडलच्या (फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) टोकाला गोल खाच पडली असेल तर तीही बदला, नाहीतर पेट्रोल ओसंडत राहील. गॅस्केट नवीनच टाका, जुनी चिकटवण्यात अर्थ नाही.

आणि एक, टेस्टिंगला इंजिन कोरडं चालवू नका. खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवा, नाहीतर थंड करणारं पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (पंखा) लगेच जळतो.