लॅपटॉपचा स्क्रीन: आकडा बघा, पण इंचांसकट

नुसतं ‘फुल एचडी आहे का’ एवढं विचारून भागत नाही. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे बारीक ठिपके. हा १९२० × १०८० आकडा १५.६ इंची स्क्रीनवर इंचाला साधारण १४१ पिक्सेल देतो. त्याच आकाराच्या १३६६ × ७६८ मध्ये जेमतेम १०० मिळतात. फरक मराठी वाचताना लगेच कळतो: ‘द्ध’ आणि ‘द्घ’ सारखेच दिसायला लागतात. म्हणून ७६८ वाला स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

१४ इंचात १९२० × १२०० मिळालं तर उत्तम. उभी जागा जास्त, त्यामुळे एक्सेलच्या चार-पाच ओळी जादा दिसतात.

अक्षरं बारीक वाटली की बरेच जण रिझोल्यूशनच, म्हणजे हा पिक्सेलचा आकडाच, कमी करतात. तसं करू नका. पॅनेलचे पिक्सेल ठरलेले असतात. कमी आकडा ताणून बसवला की सगळं धुरकट होतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले उघडा, रिझोल्यूशन ‘शिफारस केलेलं’ आहे तेच ठेवा आणि स्केल, म्हणजे अक्षरं-चिन्हांचा आकार, १२५ किंवा १५० टक्के करा. मात्र १०८० वर १५० टक्के केलं की कामाची जागा १२८० × ७२० एवढीच उरते, हे ध्यानात ठेवा. काही जुनी सॉफ्टवेअर्स स्केल वाढवल्यावर पुसट दिसतात. तो दोष स्क्रीनचा नव्हे.

फोरके? फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, बॅटरीला भार. फोटो-व्हिडिओचं काम नसेल तर तेच पैसे आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा स्क्रीन) आणि किमान ३०० निट्स उजेडावर घाला.