शिलाईचं युनिट टाकताय? आधी मोटर बघा

ताई, नव्या युनिटचं वीजबिल कमी करायला सोलर लावू का, असं विचारलंत; सोलरचं नंतर बघू. आधी मशीनखाली वाका आणि मोटर बघा. जुनी क्लच मोटर असेल तर पायडलवर पाय असो-नसो, ती घरघरत वीज खातच राहते. सर्वो मोटर सुई चालेल तेवढीच खाते. मी माझ्या युनिटातल्या सहाही मशीनना ती एकेक करून बसवली. शेवटची बदलली त्या दिवशी इतकं शांत झालं की बायकांना वाटलं, लाईट गेली! छताचे 75 वॅटचे पंखे बिघडतील तसे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) पंखे घ्या, साधारण 30 वॅटवर फिरतात. चालता पंखा उगाच काढू नका. कातरण मात्र पहिल्या दिवसापासून वेगळी: सुती एका पोत्यात, टेरिकॉट दुसऱ्यात. सुती चिंध्या आमच्याकडून गोधडी शिवणाऱ्या बायका हातोहात नेतात. मिसळलीत तर कोणी हात लावत नाही.