मंडळात अतिवृष्टी, शेतात मात्र ओल नाही: पावसाचा आकडा कुठे लावायचा?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

गोदावरी खोऱ्यातल्या गावांतून तीन प्रश्न सारखे येत आहेत. महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) ७० मिलिमीटर पाऊस नोंदला, तरी माझ्या शेतात वीतभरही ओल का नाही? पाऊस चांगला झाला, मग विहीर का चढली नाही? आणि आमच्याकडे उघडीप असताना जायकवाडी धरण भरते कसे? तिन्हींचे मूळ एकच आहे. शेत, विहीर आणि धरण यांचे पाणी वेगवेगळ्या क्षेत्रावरून येते आणि पोचायला वेगवेगळा वेळ घेते.

मंडळाचा आकडा एका ठिकाणच्या पर्जन्यमापकाचा असतो. वळवाची किंवा परतीची सर अनेकदा नाल्याच्या एकाच काठावर पडते. त्यामुळे ६५ मिलिमीटरची अतिवृष्टी मंडळात नोंदली, तरी शिवाराच्या दुसऱ्या टोकाला जेमतेम शिडकावा झालेला असू शकतो. पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस हवा, तो तुमच्या रानात पडलेला. सरळ भिंतीचा, वर-खाली सारख्या रुंदीचा डबा झाडा-घरापासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा आणि वहीत लिहा. मला ही वही मंडळाच्या आकड्याहून महत्त्वाची वाटते.

पाऊस किती वेळात पडला, तेही लिहा. भेगाळलेली काळी जमीन सुरुवातीला भराभर पाणी पिते. फुगून भेगा मिटल्या की तिची पिण्याची गती तासाला काही मिलिमीटरवर येते. म्हणून तासाभरात कोसळलेले ७० मिलिमीटर बहुतेक ओढ्याला जातात, तर तेच चार दिवसांच्या झडीत मुरतात. उताराला आडवी पेरणी आणि रुंद वरंबा सरी (रुंद वाफे आणि त्यांच्यामध्ये सऱ्या) यांचे काम हेच: पाण्याला थांबायला वेळ देणे.

विहिरीचा हिशेब आणखी वेगळा आहे. पावसाचे पाणी आधी मातीतल्या ओलाव्याची तूट भरून काढते, पिके आपला वाटा घेतात आणि उरलेले मुरमात उतरते. म्हणून जूनच्या पावसाने विहीर लगेच हलत नाही. आपल्या झिजलेल्या बेसाल्ट खडकात उपसता येईल असे पाणी साधारण २ टक्केच मावते. म्हणजे २० मिलिमीटर पाणी खोल झिरपले, तर पातळी सुमारे एक मीटर चढते. उपशाने ती तितक्याच सहज उतरतेही. खोल बोअरचे पाणी काही ठिकाणी वर्षानुवर्षे साठलेले असते. ते एका पावसाळ्यात भरून येईल असे धरू नका.

जायकवाडीला पाणी येते ते वरच्या नाशिक-अहिल्यानगर भागातून. तिकडे जोर झाला की पूर काही काळाने पैठणला, म्हणजे धरणावर, पोचतो. कालव्याच्या लाभक्षेत्रातल्यांना त्याचा आधार आहे, पण दूरच्या कोरडवाहू शिवारातली विहीर त्याने भरत नाही.

रब्बीचा निर्णय घेण्याआधी ऑक्टोबरमध्ये पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी विहिरीची पातळी मोजा, मागच्या वर्षीशी ताडून बघा. एक एकर हरभऱ्याला पाण्याच्या ५० मिलिमीटरच्या दोन पाळ्या म्हणजे सुमारे ४ लाख लिटर. वरच्या हिशेबाने पाच एकरांखालची पातळी एक मीटर उतरते. गव्हाला अशा सहा पाळ्या दिल्या तर पंधरा एकरांखालची. ते पंधरा एकर तुमच्या एकट्याचे नसतात, म्हणून शेजारच्या विहिरींचेही माप घ्या आणि पातळी कमी असेल तर यंदा हरभराच पेरा.