डिस्ने वर्ल्डमध्ये कर्मचाऱ्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर लावलेली डिस्नेची शोभेची पिन आवडली, तर बदलून मागता येते का? तो नाही म्हणू शकतो का?

हो, बिनधास्त मागा. तुमची पिन नियमात बसत असेल तर कर्मचाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये १९९९ साली सहस्रक सोहळ्याच्या वेळी पिनांची ही देवाणघेवाण सुरू झाली, आणि कर्मचाऱ्याने नकार न देणं हा पार्कचाच नियम आहे. दुसरा पाहुणा मात्र नकार देऊ शकतो, त्याला आग्रह करू नका.

तुमची पिन अशी हवी:
- धातूची, न मोडलेली, मागे डिस्नेचा कॉपीराइट छापलेली
- मागची फिरकी लावलेली, म्हणजे कुणाला टोचणार नाही

एका वेळी एकास एक पिन, पैसे मध्ये आणायचे नाहीत. कोपऱ्यात बारीकसा मिकी असलेली 'हिडन मिकी' पिन दिसली तर आधी तीच मागा. ती मुळात कर्मचाऱ्यांकडूनच अदलाबदलीत मिळावी म्हणून काढलेली असते.

मात्र ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त घाऊक पिनांपासून सावध राहा. त्यांत बनावट माल फार असतो: रंग फिके, कडा ओबडधोबड. त्या फिरत फिरत कर्मचाऱ्यांच्या गळ्यातही पोचतात, म्हणून घेण्याआधी पिन उलटून नीट बघा. लहान मुलं तर ती पिन जपून ठेवतात, त्यांच्या हाती खरीच जायला हवी.