एकरकमी खेळ की फुकटचा खेळ? माइनक्राफ्ट आणि रोब्लॉक्स यांचा घरगुती हिशेब

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा बारा वर्षांचा आहे, मुलगी नऊ वर्षांची, आणि घरात एक संगणक व एक टॅबलेट आहे. मुलीला माइनक्राफ्ट हवा आहे, मुलाला रोब्लॉक्स. दोन्ही खेळ सँडबॉक्स प्रकारातले, म्हणजे ठरावीक शेवट नसलेले आणि खेळणाऱ्याने आपले जग स्वतः उभारावे अशा धाटणीचे. मुलांच्या करमणुकीसाठी त्यांनी वर्षाला माइनक्राफ्टच्या किमतीच्या साधारण चौपट रक्कम बाजूला काढली असून दोन पर्याय मांडले आहेत. पहिला म्हणजे संगणकासाठी माइनक्राफ्ट विकत घेऊन त्याच्या रेल्म्स या सेवेची वर्षभराची वर्गणी भरणे. दुसरा म्हणजे फुकट मिळणारा रोब्लॉक्स घेऊन त्यातले रोबक्स हे चलन दरमहा थोडेथोडे, खेळाच्या किमतीच्या सहाव्या हिश्शाइतके, मुलांना घेऊन देणे. त्यांचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण तो पहिल्याच्या निम्म्यात बसतो, आणि शिवाय रोब्लॉक्सवर पैसे कमावता येतात असे मुलाचे म्हणणे आहे.

आपली बेरीज चुकलेली नाही, हे आधी सांगतो. आपण मांडलेले दोन पर्याय जसेच्या तसे घेतले, तर पहिल्या वर्षी रोब्लॉक्स खरोखरच स्वस्त पडतो. तरीही माझा सल्ला माइनक्राफ्टच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण असे की पहिल्या पर्यायातला मोठा खर्च आपल्याला लागणारच नाही, तर दुसऱ्या पर्यायात आपण धरलेली रक्कम तेवढीच राहील याची हमी कोणालाच देता येणार नाही.

आधी माइनक्राफ्टचा हिशेब पाहू. हा खेळ २००९ मध्ये प्राथमिक स्वरूपात आणि १८ नोव्हेंबर २०११ रोजी पूर्ण स्वरूपात बाजारात आला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी मोजांग ही स्वीडिश कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेतली. खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की एकदा घेतलेल्या खेळावर इतक्या वर्षांत आलेली प्रत्येक मोठी सुधारणा जुन्या ग्राहकांना विनामूल्य मिळत आली आहे. दहा वर्षांपूर्वी ज्याने पैसे भरले, तो आजचाच खेळ खेळतो. अशी खरेदी मी कपाट किंवा सायकल यांच्या रकान्यात लिहितो, कारण पैसे एकदाच जातात आणि उपयोग वर्षानुवर्षे चालतो.

रेल्म्सची गोष्ट वेगळी आहे. ही कंपनीने चालवलेली खासगी सर्व्हरची सोय आहे. तिच्यात आपले जग सतत सुरू राहते आणि मालकासह दूरदूरचे मित्र, एका वेळी जवळपास दहा जण, त्यात एकत्र खेळू शकतात. मूळ डॉलरमधील दर पाहिले तर या वर्गणीचे चार महिने खेळाच्या पूर्ण किमतीला गाठतात, म्हणजे वर्षभराची वर्गणी भरणे हे तोच खेळ आणखी तीनदा विकत घेण्यासारखे आहे. एकाच घरातल्या बहीणभावांना याची गरज नाही. एकाच वायफायवरील दोन उपकरणांमध्ये माइनक्राफ्टचे जग कोणतेही शुल्क न देता वाटून घेता येते. अट एवढीच की दोन्हीकडे एकच आवृत्ती हवी.

नेमक्या याच अटीवर बहुतेक पालकांचे पैसे वाया जातात, म्हणून येथे थोडा थांबतो. माइनक्राफ्टच्या दोन मुख्य आवृत्त्या आहेत. जावा ही फक्त संगणकावर चालते. बेडरॉक ही संगणक, मोबाइल, टॅबलेट आणि कन्सोल या सर्वांवर चालते. जावावर खेळणारा आणि बेडरॉकवर खेळणारा एकमेकांच्या जगात सहजासहजी येऊ शकत नाहीत. जून २०२२ पासून संगणकासाठी या दोन्ही आवृत्त्या एकाच खरेदीत मिळतात, त्यामुळे त्या बाजूने आता चुकीला फारशी जागा नाही. मात्र टॅबलेटवरची बेडरॉक आवृत्ती स्वतंत्र विकत घ्यावी लागते. तिची मूळ किंमत संगणकावरील खरेदीच्या पाव हिश्शाच्या आसपास आहे, म्हणजे दोन्ही उपकरणांसाठी मिळून आपला एकूण खर्च खेळाच्या किमतीच्या सव्वापट होतो. आपण ठेवलेल्या चौपटीतून पावणेतीन पट रक्कम हातात उरते, आणि पुढच्या वर्षी हा खर्च पुन्हा येत नाही.

माइनक्राफ्टमध्ये गळती अजिबात नाही असे मात्र समजू नये. बेडरॉक आवृत्तीत २०१७ पासून एक बाजारपेठ आहे, जिथे माइनकॉइन्स नावाच्या चलनात पोशाख, तयार जगे आणि लहान खेळ विकले जातात. जावा आवृत्तीत अशा गोष्टींचा मोठा साठा खेळाडूंनीच विनामूल्य उपलब्ध करून ठेवला आहे, त्यामुळे मुलगा जावावर रमला तर ही खिडकी त्याला क्वचितच लागेल. टॅबलेटवर मात्र ती मुलीच्या डोळ्यांसमोर राहणार आहे.

आता रोब्लॉक्स. २००६ मध्ये सुरू झालेल्या या मंचाला एक खेळ म्हणणेच थोडे चुकीचे आहे, कारण तो सामान्य वापरकर्त्यांनी बनवलेल्या असंख्य खेळांचा बाजार आहे. आत जायला पैसे लागत नाहीत. पण ही कंपनी मार्च २०२१ पासून शेअर बाजारात नोंदलेली आहे आणि तिने २०२४ मध्ये सुमारे ३.६ अब्ज डॉलर महसूल मिळवला. त्याचा फार मोठा भाग रोबक्सच्या विक्रीतून आला. फुकटच्या प्रवेशद्वारामागे एवढी उलाढाल असेल, तर पैसे कुठे आणि कसे मागितले जातात हे पाहिल्याशिवाय आत शिरू नये. (मुलगा या कंपनीचे शेअर घ्या म्हणू लागला, तर त्याच वर्षी एवढा महसूल असूनही ती तोट्यात होती, हे त्याला जरूर सांगावे. चांगला खेळ आणि चांगली गुंतवणूक या दोन गोष्टींतला फरक बाराव्या वर्षी कळला तर बरेच.)

रोबक्सची रचना पैशाचे भान सैल करणारी आहे. ते ठरावीक गठ्ठ्यांत विकले जातात आणि खेळातल्या वस्तूंच्या किमती त्या गठ्ठ्यांशी बहुधा जुळत नाहीत. त्यामुळे काही तरी शिल्लक राहते, ती एकटी कशालाच पुरत नाही, आणि ती वाया जाऊ नये म्हणून पुढचा गठ्ठा घेतला जातो. त्यातच वस्तूची किंमत खऱ्या चलनात दिसत नसल्याने मोठ्या माणसालाही मनात भागाकार करावा लागतो, नऊ वर्षांच्या मुलीला तो सुचणारही नाही. एका खेळात घेतलेली विशेष ताकद किंवा जलद वाढ दुसऱ्या खेळात चालत नाही. मित्रांचा घोळका महिन्याभरात दुसऱ्या खेळाकडे वळला की आधीची खरेदी जागच्या जागी पडून राहते. शिवाय रोब्लॉक्सला सतत इंटरनेट लागते, तर विकत घेतलेल्या माइनक्राफ्टमध्ये एकट्याने खेळताना ते नसले तरी चालते.

माझ्याही घरी असे घडले आहे, म्हणून हे थोड्या कळवळ्याने लिहितो. खेळाचे नाव घेत नाही. टॅबलेटवर माझे कार्ड साठवलेले होते, प्रत्येक व्यवहार इतका लहान होता की बँकेच्या संदेशाकडे मी लक्षच दिले नाही, आणि महिनाअखेरीस जमाखर्च जुळवताना तेवीस नोंदी सापडल्या. दुसऱ्यांचे अंदाजपत्रक बसवून देणाऱ्या माणसाला हे शोभणारे नव्हते. असे प्रकार काही विरळा नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी आयोगाने २०१४ मध्ये पालकांच्या संमतीविना मुलांनी केलेल्या खरेदीपोटी ॲपलला किमान ३.२५ कोटी आणि गूगलला किमान १.९ कोटी डॉलर परत करायला लावले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सने अशाच तक्रारींपोटी २४.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्या प्रकरणात आयोगाचा एक आरोप असा होता की ज्यांनी बँकेकडे व्यवहाराची तक्रार केली त्यांची खाती बंद करून आधीची सारी खरेदीही अडकवली गेली. म्हणून चुकून पैसे गेलेच, तर आधी ज्या ॲप स्टोअरमधून ते गेले तिथे परताव्याची मागणी करावी आणि बँकेची पायरी त्यानंतरच चढावी.

कमाईच्या मुद्द्याचा निकाल लवकर लागतो. रोब्लॉक्सवर कमाई होते हे खरे, पण ती खेळ खेळून होत नाही, खेळ बनवून होते. आपल्या खेळात विकलेल्या वस्तूंच्या रकमेतून साधारण सत्तर टक्के रोबक्स बनवणाऱ्याच्या खात्यात येतात. ते खऱ्या पैशात बदलून घेण्यासाठी वय किमान तेरा लागते, कमावलेले किमान तीस हजार रोबक्स साठलेले असावे लागतात, आणि विकत घेतलेले रोबक्स या मोजणीत धरतच नाहीत. बदलून मिळणारा दर खरेदीच्या दराच्या ढोबळमानाने एक तृतीयांश असतो. म्हणजे जे चलन आपण पूर्ण दराने घेतो, तेच विकताना दोन तृतीयांश मोल कमी झालेले असते. अशा उत्पन्नाला मी कुटुंबाच्या अंदाजपत्रकात शून्य धरतो. मुलाला खरोखर बनवण्यात रस असेल, तर रोब्लॉक्स स्टुडिओ हे साधन संगणकावर विनामूल्य मिळते. त्यात लुआ या प्रोग्रामिंग भाषेच्या एका प्रकारात संहिता लिहावी लागते आणि शिकण्यासाठी रोबक्स लागत नाहीत. त्याचे म्हणणे किती मनापासूनचे आहे हे तपासायला याहून सोपी कसोटी सापडणार नाही.

खेळ म्हणून अधिक चांगला कोणता, हेही आपण विचारले आहे. माझ्या मते एकाच कामात तासन्‌तास बुडून जाणाऱ्या मुलाला माइनक्राफ्ट अधिक देतो. ठोकळ्यांनी घर बांधणे, रेडस्टोन या खेळातल्या विजेवर चालणारी दारे आणि यंत्रे जुळवणे, रात्रीच्या आधी निवारा उभा करणे, यांत एक सलगपणा आहे. रोब्लॉक्सचे बळ विविधतेत आणि सोबतीत आहे, आणि मुलाचे सगळे मित्र तिथेच असतील तर हे बळ कमी लेखू नये, कारण ज्या खेळाला कोणी हात लावत नाही तो कितीही स्वस्तात मिळाला तरी महागच पडतो. अनोळखी लोकांशी होणाऱ्या संवादाचा प्रश्न माझ्या कक्षेबाहेरचा आहे, पण दोन्ही मुलांच्या खात्यांत वय खरे लिहावे आणि गप्पांवरील बंधने पहिल्याच दिवशी लावावीत, एवढे सांगणे मला भाग आहे.

तेव्हा मी आपल्या जागी असतो तर असे केले असते. आधी संगणकावर जावा आवृत्तीचे विनामूल्य डेमो मुलीला खेळू द्यावे. ते खेळातले पाच दिवस चालते आणि तिथला एक दिवस वीस मिनिटांचा असल्याने आपल्याला शंभर मिनिटांची पारख मिळते. त्यात ती रमली, तर संगणकासाठी खरेदी करावी. टॅबलेटवरची आवृत्ती लगेच घेऊ नये. दोघांना एकाच वेळी खेळायचे आहे असे महिनाभर दिसले तरच ती घ्यावी. रेल्म्स सोडून द्यावे. मुलाला रोब्लॉक्सही जरूर द्यावा, पण कार्ड न जोडता. पालक म्हणून आपले खाते त्याच्या खात्याशी जोडून मासिक खर्चाची मर्यादा शून्यावर ठेवावी आणि दोन्ही उपकरणांवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करावी.

पहिले तीन महिने असेच जाऊ द्यावेत. त्यानंतर मुलाने रोबक्स मागितले, तर कोणत्या खेळात, कशासाठी आणि खऱ्या पैशात किती, हे त्याने स्वतः कागदावर लिहून आणावे आणि आपल्याला पटले तर तेवढ्याच रकमेचे गिफ्ट कार्ड द्यावे, कारण कार्डातले पैसे संपले की खर्च तिथेच थांबतो. वर्षभरात अशा कार्डांवरचा एकूण खर्च माइनक्राफ्टच्या एका किमतीपलीकडे जाऊ देऊ नये. हे सगळे धरूनही आपण ठेवलेल्या चौपट रकमेतील जवळपास निम्मी रक्कम उरते. ती मुलांच्या नावे वेगळी न काढता संगणकाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावी असे मी सुचवेन, कारण तो बंद पडला तर दोन्ही खेळांचा प्रश्न एकदमच उभा राहील.