जुनी बुलेट हायवेवर मध्येच बंद पडते, मिस्त्री कार्ब्युरेटर बदला म्हणतो. बदलू का?

नका बदलू. निदान आज तरी नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी १९९६ ची, कास्ट आयर्न इंजिनाची ३५०. गावात बिनतक्रार चालते, हायवेला तासाभराने मरते, दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पहिल्या किकला सुरू. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, दोनदा साफ झालाय आणि आता मिस्त्रीला नवा बसवायचाय. हे वाचून माझं डोकंच फिरलं, कारण 'कार्ब्युरेटर बदल' एवढ्या दोन शब्दांवरून मी आणि माझा मोठा भाऊ एक अख्खी दिवाळी एकमेकांशी बोललो नव्हतो.

आमचीही तीच गाडी, आप्पांनी १९९२ साली घेतलेली. ते गेल्यावर ती माझ्याकडे कराडला आली. दादाचं पहिल्यापासून एकच, 'विकून टाक.' त्या मे महिन्यात गुहागरहून परत येत होतो, बायको मागे, सॅक आमसुलांनी भरलेली. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर गाडी खटकन बंद. मागे चिऱ्यांचा ट्रक, त्याचा हॉर्न. किक मारली, सुरू. पुढच्या वळणावर परत बंद. कधी पूर्ण बंद न पडता नुसता गचका खायची, सायलेन्सरमधून फाडकन फटाका वाजायचा आणि काही झालंच नाही अशी पळायची. हेळवाकपर्यंत सात वेळा उतरलो. तिथून पाटण, पाटणहून कराड, एकदाही नाही.

झालं, निदानं सगळ्यांकडे तयार. चढावर कार्ब्युरेटरमधला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) अडकतो. जेट (पेट्रोल येतं ते बारीक भोक) छोटा पडतो. मिस्त्रीने कार्ब्युरेटर तीनदा खोलला. दादा चिंचवडला कंपनीत आहे, त्यामुळे यंत्रातलं आपल्यालाच कळतं अशी त्याची समजूत. मी कामावर असताना त्याने मिस्त्रीला फोन करून परस्पर नवा कार्ब्युरेटर बसवायला लावला, बिल माझ्या नावावर. पुढच्या रविवारी मुद्दाम घाटात गेलो. चार वेळा बंद. दादा म्हणाला, "मग इंजिनच गेलंय. आता तरी वीक." त्यानंतर ती दिवाळी.

सापडलं कुठे, तर घरच्या बोळात. आमच्याकडे धुण्याच्या दगडामुळे गाडी मेन स्टँडला लावली की हँडल उजवीकडे पूर्ण वळवून ठेवावं लागतं. एका सकाळी हँडल तसंच ठेवून चावी फिरवली आणि हळूहळू किक दाबत गेलो. बुलेटवाल्याला हे सांगायला नको: पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे विजेचे संपर्क) मिटलेले असले की ॲमीटरचा (वीज मोजणाऱ्या डायलचा) काटा मायनसकडे झुकतो, उघडले की शून्यावर येतो, मग खरी किक. आप्पांनी आधी काटा बघायला शिकवलं, गाडी चालवायला नंतर. त्या दिवशी काटा ढिम्म. हँडल सरळ केलं, काटा झुकला. उजवीकडे वळवलं, मेला. बायकोने खिडकीतून विचारलं, काय खेळताय?

स्विचकडून कॉइलला (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवते ती) जाणारी वायर हँडलच्या मानेपाशी दुमडते. इतक्या वर्षांत वळून वळून आतली तांब्याची तार तुटली होती. वरचं प्लास्टिक धडधाकट, म्हणून कुणाला दिसेना. हँडल उजवीकडे जरा जास्त गेलं की टोकं सुटायची, सरळ झालं की चिकटायची. मधल्या वेळात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जमायचं, त्याचा तो फटाका. घाटाच्या चढाचा संबंधच नव्हता, वळणांचा होता. गावातही गाडी बोळातून काढताना कधीमधी बंद पडायची, पण ते मी क्लच चुकला म्हणून सोडून दिलं होतं. वीतभर वायर, सोल्डरचे दोन डाग, वर स्लीव्ह, थोडा ढील. चाळीस रुपये. जुनाच कार्ब्युरेटर परत बसवला, त्यावर गाडी आजही चालते. दादाला फोन केला तर म्हणाला, "वायर तर मी आधीच म्हणत होतो." म्हणत नव्हता.

माझं मत असं, की कार्ब्युरेटर हाताला लागतो, दिसतो, खोलता येतो, म्हणून आधी त्याचाच बळी जातो. बटण दाबल्यासारखी गाडी मेली तर वीज बघा. फुर्रफुर्र करत, ताकद सोडत मेली तर पेट्रोल. कशी मेली हे तुम्ही लिहिलंच नाहीत, आणि मिस्त्रीनेही विचारलं नसणार.

आता तुमचं. तुमची गाडी वळणावर नाही, तापल्यावर मरते, त्यामुळे माझी वायर तुमच्या कामाची असेलच असं नाही. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच किका मारू नका, आधी टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली तर झाकणाचं भोक बुजलंय, टाचणीने साफ करा. तसं नसेल तर प्लग काढून हेडला टेकवा आणि किक मारून ठिणगी बघा. फिकट किंवा गायब असेल तर संशय कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला, त्यांना जळू न देणारा छोटा भाग) नाहीतर कॉइलवर. गार झाल्यावर बघून उपयोग नाही, तेव्हा दोन्ही ठणठणीत वाटतात. पॉइंट काळे पडले असतील तर आधी कंडेन्सर बदला, तो स्वस्त आहे.

काटा बघायची युक्ती पॉइंटवाल्या गाडीतच चालते, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतलं असेल तर विसरा. चावी चालू ठेवून फार वेळ बसू नका, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापून जाते. आणि कार्ब्युरेटर कधीच दोषी नसतो असंही नाही. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी रबरं खराब होतात, टाकीतला गंज जेटमध्ये येतो. पण तुमचा दोनदा साफ झालाय ना?

एवढं करूनही बदलायचाच असेल तर दादाने बसवलेला आमच्या माळ्यावर डब्यात पडून आहे. एका रविवारपुरता वापरलेला, निम्म्या किमतीत देतो.