आधी पडायला शिकू द्या

पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये ५ सप्टेंबर २०२४ रोजी कपिल परमार यांनी दृष्टिहीनांच्या ज्युदोच्या ६० किलो गटात कांस्यपदक मिळवले आणि पॅरालिम्पिक ज्युदोत पदक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. गेल्या अंकात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर नागपुरातून बरीच पत्रे आली. त्यातील चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. माझी स्वतःची दृष्टी एकविसाव्या वर्षी गेली. तेव्हापासून मी ज्युदो खेळत आलो आणि पुढे शिकवूही लागलो, त्यामुळे या उत्तरांत नियमांइतकाच माझा अनुभवही आहे.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून दिसत नाही. परमार यांची बातमी ऐकल्यापासून त्याने ज्युदोचा हट्ट धरला आहे. सासूबाई म्हणतात, ‘आधीच डोळे नाहीत, त्यात हातपायही मोडून घेईल.’ मलाही धीर होत नाही. समोरचा दिसत नसताना असा खेळ खेळता तरी कसा येतो?
– एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, तुमच्या मुलाचा हट्ट पुरवावा, असे मला मनापासून वाटते, परंतु त्याआधी हा खेळ कसा चालतो ते नीट समजून घ्या, म्हणजे सासूबाईंनाही सांगता येईल.

डोळस खेळाडूंच्या ज्युदोत सुरुवातीचा बराचसा वेळ पकड मिळवण्याच्या झटापटीत जातो. दृष्टिहीनांच्या ज्युदोत ही झटापट वगळलेली आहे. पंच दोघांना गादीच्या मध्यभागी आणतात, दोघेही एका हाताने समोरच्याची बाही आणि दुसऱ्या हाताने छातीवरची कापडी पट्टी धरतात आणि त्यानंतरच ‘हाजिमे’ म्हणजे ‘सुरू’ असा इशारा होतो. मध्येच दोघांचा एकमेकांशी स्पर्श तुटला, तर पंच ‘माते’ म्हणून खेळ थांबवतात आणि पुन्हा मध्यभागी आणून पकड देतात. मुख्य फरक एवढाच. चार मिनिटांची लढत, पाठीवर नीट आपटले की मिळणारा ‘इप्पोन’ म्हणजे थेट विजय, जमिनीवर दाबून धरणे, हे सगळे डोळस खेळाडूंसारखेच असते. पुरुषांसाठी १९८८ च्या सोल पॅरालिम्पिकपासून आणि महिलांसाठी २००४ च्या अथेन्सपासून हा खेळ याच रीतीने खेळला जातो. पूर्वी पूर्ण दृष्टिहीन आणि थोडेफार दिसणारे खेळाडू एकाच वजनगटात एकमेकांविरुद्ध उतरत असत. ज्याला थोडे दिसते त्याला त्याचा फायदा मिळतो हे उघड होते, म्हणून २०२२ पासून पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण दृष्टिहीनांचा जे-१ आणि अंशतः दिसणाऱ्यांचा जे-२ असे दोन वर्ग करण्यात आले. परमार यांचे पदक जे-१ मधले आहे.

आता पकडीतून काय कळते ते सांगतो. माझ्या डाव्या हातात समोरच्याची उजवी बाही असते. तो डाव टाकायला आत वळणार असेल, तर आधी ती बाही माझ्या बोटांत किंचित सैल पडते, मग त्याचा श्वास क्षणभर अडतो आणि लगेच गादीवर चवडा घासल्याचा आवाज येतो. या तीन गोष्टींच्या मधल्या वेळात मला कंबर खाली घेऊन त्याचा डाव अडवायचा असतो. हे कान आणि हात कुणाला जन्मतः मिळत नाहीत. अंध माणसाला सहावे इंद्रिय असते असे लोक मला अगदी प्रेमाने सांगतात, पण मी त्या बाहीसाठी वर्षानुवर्षे घाम गाळला आहे.

धोक्याविषयी तुम्ही विचारले आहे. ज्युदोत दुखापती होतात. खांदा, गुडघा आणि बोटे यांना त्या विशेष होतात. म्हणूनच सुरुवातीला डाव शिकवत नाहीत, पडायला शिकवतात. त्याला ‘उकेमी’ म्हणतात. मूल आधी झोपूनच हात आपटायला शिकते, मग बसून मागे पडते, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभ्याने. हात शरीरापासून थोडे दूर ठेवून तळव्यापासून कोपरापर्यंतचा भाग एकदम गादीवर आपटायचा, पडताना श्वास सोडायचा आणि डोके गादीला लागू द्यायचे नाही. येथे डोळस प्रशिक्षकांची एक अडचण होते. मुलांनी मान वाकवावी म्हणून ते ‘पडताना आपल्या पट्ट्याकडे बघ’ असे सांगतात. तुमच्या मुलाला या वाक्यातून काहीच कळणार नाही. त्याला ‘हनुवटी छातीला टेकव’ असे सांगावे लागेल, आणि ती टेकली आहे की नाही हे पहिले काही दिवस प्रशिक्षकाने मानेमागे हात ठेवून तपासावे लागेल. प्रशिक्षक निवडताना एवढी एकच गोष्ट पाहा : तो मुलाला हात लावू देतो का आणि शब्दांनी सांगू शकतो का. पहिल्या दिवशी वर्गाच्या कोपऱ्यात बसून ऐका. ‘हे असे, मग तसे’ एवढ्यावरच शिकवणे चालले असेल, तर त्यांना तसे मोकळेपणाने सांगा. बहुतेक जण सुधारणा करतात. माझी दृष्टी गेली त्या वर्षी आपल्याच शहरातील एका व्यायामशाळेने मला दारातूनच परत पाठवले होते. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही, म्हणून सांगतो, एका ठिकाणी नकार मिळाला तर दुसऱ्या ठिकाणी जा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील कलम ३० खेळांतील सहभागाविषयीच आहे. मुलाचे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र सोबत घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातही चौकशी करा.

आणखी एक गोष्ट सासूबाईंना सांगा. तुमचा मुलगा गादीवर गेला नाही, तरी तो पडणारच आहे. सिमेंट रस्त्याच्या उंच कडेवरून आणि उघड्या नालीच्या काठावरून मी किती वेळा पडलो याची गणती नाही. त्यांतील बहुतेक वेळा केवळ खरचटण्यावर निभावले, कारण हनुवटी आपोआप छातीला टेकली होती.

प्रश्न : माझे वय २८ वर्षे. डोळ्यांचा नंबर फार मोठा होता. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचा पडदा सरकला आणि शस्त्रक्रिया होऊनही त्या डोळ्याची दृष्टी गेली. डाव्या डोळ्याने अंधुक दिसते. मला बॉक्सिंग किंवा ज्युदो शिकायचे आहे. डॉक्टर म्हणाले, ‘हलका व्यायाम करा.’ याचा अर्थ काय घ्यावा?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : बॉक्सिंग नको. येथे मी आडवळणाने बोलणार नाही. मोठ्या उणे नंबराच्या डोळ्यात आतला पडदा ताणलेला आणि पातळ झालेला असतो, आणि एका डोळ्याचा पडदा सरकलेला असेल तर दुसऱ्याचा सरकण्याचा धोकाही सामान्य माणसापेक्षा जास्त असतो. डोळ्यावर किंवा डोक्यावर बसणारा ठोसा त्यात भर घालतो. तुमच्या डाव्या डोळ्यात जे अंधुक दिसते ते फार मोलाचे आहे. ज्युदोमध्ये ठोसे नसतात, तरी पडताना शरीराला झटका बसतोच, त्यामुळे तोही माझ्या सांगण्यावरून सुरू करू नका.

डॉक्टरांना ‘खेळू का?’ असे विचारले तर ‘हलका व्यायाम करा’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी नेमके विचारा : पाठीवर वारंवार पडण्याने माझ्या डाव्या पडद्याला धोका आहे का? डोके खाली करून राहणे, श्वास रोखून जोर लावणे आणि मानेवर दाब येणे चालेल का? हे प्रश्न पडद्याच्या तज्ज्ञालाच विचारायचे आहेत. काचबिंदू असणाऱ्या वाचकांनीही यातील दुसरा प्रश्न जरूर विचारावा, कारण या तिन्ही गोष्टींनी डोळ्यातील दाब वाढतो. बुबुळ बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर परवानगीशिवाय कोणत्याही झटापटीच्या खेळात उतरू नये. टाके घातलेली जागा मारापुढे कायम कच्ची राहते. मध्येच डोळ्यांसमोर ठिणग्या, काळे ठिपके किंवा पडदा ओढल्यासारखी सावली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, उद्यावर ढकलू नका.

तज्ज्ञांनी पडण्याला मनाई केली, तरी तायचीमध्ये दोघांनी मनगटे एकमेकांना टेकवून, समोरच्याचा तोल ओळखत हळूहळू ढकलण्याचा सराव असतो. त्यात पडझड नाही आणि स्पर्शाची जाण मात्र फार चांगली तयार होते. तेवढ्यासाठीही डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न : मी पूर्ण दृष्टिहीन असून महाविद्यालयात शिकते. मेट्रोने एकटी ये-जा करते. स्वसंरक्षणासाठी कराटे शिकावे का? पांढऱ्या काठीचा उपयोग मारण्यासाठी करता येतो का?
– एक विद्यार्थिनी, वर्धा मार्ग

उत्तर : कराटे जरूर शिका. कराटेतील ‘काता’, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, दृष्टिहीनांना उत्तम जमतात आणि कराटेच्या जागतिक स्पर्धांमध्ये दृष्टिहीनांसाठी वेगळा वर्गही आहे. त्याने शरीर सरळ होते, आवाज मोकळा होतो आणि दिशेचे भान पक्के होते. मात्र दूर उभ्या असलेल्या माणसाचा ठोसा ऐकून अडवता येईल, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आपला उपयोग होतो तो समोरच्याने धरल्यानंतर. कुणी मनगट धरले तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूने, म्हणजे जिथे त्याची मूठ उघडी असते तिथून, कोपर वाकवून हात झटक्यात बाहेर काढा आणि त्याच क्षणी मोठ्याने ओरडा. ही एक सुटका दोनशे वेळा करून पाहा.

काठीने मारू नका. ती हलकी आणि घडीची असते, एका फटक्यात मोडेल, आणि मग घरी कशी जाणार?

रोज जो प्रसंग येतो तो वेगळा आहे, याची तुम्हालाही कल्पना असेल. सीताबर्डीला गाडी बदलताना कुणीतरी भला माणूस न विचारता दंड धरून ओढू लागतो. तेथे झटका नको. हीच सुटका अगदी हळू करायची, हात मोकळा करून घ्यायचा आणि आपणच त्याच्या कोपराला धरून ‘असे चला, मी मागे येते’ असे सांगायचे. म्हणजे पकड तुमच्या हातात राहते आणि त्याची मदतही मिळते.

प्रश्न : महाल भागात आमचा जुना आखाडा आहे. सोळा वर्षांचा एक अंध मुलगा भावाबरोबर रोज येऊन बसतो आणि कुस्ती खेळू द्या म्हणतो. बैठका आणि जोर तो उत्तम काढतो. पण त्याला जोड लावायची कशी? मुलेही संकोचतात.
– एक वस्ताद

उत्तर : वस्ताद, तुमचे पत्र मी दोनदा वाचून घेतले. असे विचारणारे वस्ताद असते, तर माझी सुरुवात मातीतूनच झाली असती.

आपल्या कुस्तीत सलामीला हात मिळतातच. तो मिळालेला हात सोडायचा नाही, एवढा एकच नियम त्याच्यासाठी करा. अमेरिकेतील शालेय कुस्तीत अंध मुले डोळस मुलांविरुद्ध अशीच खेळतात : बोटांना बोटे लावून सुरुवात आणि पुढे संपर्क कायम. तुम्ही शिट्टी जवळ ठेवा. हात सुटला की शिट्टी, आणि दोघांनी पुन्हा एकमेकांच्या मानेवर आणि दंडावर हात ठेवून उभे राहायचे. दूर राहून अचानक पटात, म्हणजे पायांत, शिरण्याचा फायदा डोळस मुलाला मिळणार नाही, बाकी कुस्ती पूर्णच होईल. ढाक, टांग, कलाजंग हे सगळे अंगाला अंग लागल्यावरचे डाव आहेत, आणि खाली आल्यावर तर डोळस पैलवानसुद्धा घिस्सा बघून मारत नाही.

डाव शिकवताना त्याला दोन्ही बाजूंनी शिकवा. आधी तो डाव त्याच्यावर सावकाश करा, म्हणजे आपला तोल कुठून गेला हे त्याला कळेल. मग तुम्ही डाव धरून थांबा आणि त्याला तुमचे पाय, कंबर आणि खांदा कुठे आहे ते हाताने तपासू द्या. ‘इकडे पाय टाक’ म्हणण्यापेक्षा ‘तुझा उजवा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेरून’ असे म्हणा. मला वाटते, याने तुमची डोळस मुलेही लवकर शिकतील.

मुलांचा संकोच बोलून जाणार नाही. त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्याशी जमिनीवरची कुस्ती धरायला लावा. तो बहुधा दोघातिघांना चीत करेल आणि चौथा आपणहून पुढे येईल. मात्र त्याला मुद्दाम जिंकू देऊ नका. हलक्या हाताने धरलेले आम्हाला लगेच कळते, आणि त्याचे दुःख हरण्याहून मोठे असते.

त्याला मातीत उतरवण्याआधी त्याच्या अंधत्वाचे कारण विचारून घ्या आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात लिहिले आहे त्याप्रमाणे डोळ्यांच्या तज्ज्ञाची चिठ्ठी मागा. मग एके दिवशी सकाळी इतर मुले येण्याआधी त्याला एकट्याला बोलवा आणि आखाड्याची फेरी करू द्या. हौदाचा काठ किती उंच आहे, मारुतीरायाची मूर्ती कुठे आहे, गदा आणि मुद्गल कोणत्या भिंतीशी लावलेले असतात, हे त्याला हाताने आणि पावलांनी मोजू द्या. नंतर त्या वस्तू हलवू नका. हलवाव्याच लागल्या तर त्याला सांगून हलवा. पाण्याचा माठही रोज त्याच जागी असू द्या.